चढावरच्या घरांची दहा मिनिटे

मी, आमच्या गल्लीच्या रहिवासी संघाचा सचिव, वय एकोणतीस, शिक्षण आठवी, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मंगळवारी पोटातील गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. काळजी न करता मी साधा अर्जही कधी दिलेला नाही.

१. राहती खोली आईची, तिच्यामागे ताईची. आईने लगेच ताईकडे राहायला जाऊ नये. तिथे तिला कामाला हात लावू देत नाहीत आणि ती आजारी पडते.

२. हत्यारे ताईच्या नवऱ्याला देऊ नयेत. नेलेला पाना अजून यायचा आहे. ती गल्लीच्या वरच्या टोकाच्या शिंपीणकाकूंना द्यावीत.

३. संघाच्या अकरा खुर्च्यांपैकी चार कोणाच्या घरात आहेत, हे नेणाऱ्यांना ठाऊक आहे. मी मागून दमलो.

४. आता पाणी. गल्ली चढाची, पाइप एक, मध्ये व्हॉल्व्ह. सकाळी तासभर पाणी आणि तासभर भांडण. म्हणून मी दारोदार फिरून बावीस सह्या घेतल्या, संघ काढला आणि ठराव करून घेतला: अर्धा तास खाली, अर्धा तास वर. व्हॉल्व्हची किल्ली माझ्याकडे आली. दोन वर्षे घड्याळ लावून समान वाटप केले, त्याची मिजासही केली. मग शिंपीणकाकूंनी मला हाताला धरून वर नेले. "सेक्रेटरीसाहेब, हा तुमचा अर्धा तास. बघा." करंगळीएवढी धार. दीड बादली. चढाचा विचार मला सुचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे गेली चार वर्षे, मी खालच्यांची दहा मिनिटे वर देतो. सभेत मांडले नाही. खालची घरे तेरा, वरची नऊ. माझ्यामागे किल्ली घेणारा ठराव वाचेल आणि वरची धार पुन्हा करंगळीएवढी होईल. गाठीपेक्षा मला हेच खाते.

येथवर लिहून ड्रायव्हरकाकांना साक्षीला बोलावले. त्यांचे घर खालचे, पहिलेच; सभेत सर्वांत मोठा आवाज त्यांचा. मी नको नको म्हणत असता त्यांनी सगळे वाचले.

"दहाच? मी पंधरा धरून चाललो होतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझा नळ कधी जातो ते मला कळणार नाही होय रे?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू विशेष सभा लावली असतीस. तीन तास! त्यापेक्षा दोन कळशा कमी परवडल्या."

५. हे कलम त्यानंतर जोडले. किल्ली ड्रायव्हरकाकांना द्यावी. ते दोनदा नाही म्हणाले, मग हात पुढे केला. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे ऐकले आहे. पण किल्ली ही मिळकत नाही, काम आहे. मी मंगळवारनंतर धडधाकट परत आलो, तरी ती परत मागणार नाही.

वरील सर्व पुन्हा वाचले, खाडाखोड नाही.

ठिकाण: माझी खोली. रविवार, सकाळी साडेदहा.

सही: सचिव (माजी)

साक्षीदार:
१. ड्रायव्हरकाका
२. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला (न वाचता)