खाट सात: हाय

१२ जानेवारी
पेशंटच्या नोंदी वहीतून संगणकावर आणायला मी इथं आलोय. एका नोंदीला लागणारा वेळ आज घड्याळ लावून काढला: वहीत दीड मिनिट, संगणकावर चार. सवय झाली की एकावर येईल, असं सिस्टरांना सांगितलं. तीस खाटांचा हा दवाखाना लई झकास. ऊसतोडीच्या कोपीत वाढलेला माणूस मी. बैलांच्या घुंगरांवरून गाडी कुणाची ते सांगायचो. आता बटणांच्या आवाजावरून कोणती सिस्टर टाइप करतेय ते सांगतो. या वॉर्डात टाचणी पडली तरी मला कळेल, असंही बोलून गेलो. सगळ्या हसल्या.

१५ जानेवारी
इथल्या जुन्या सिस्टर कौशल्याबाई दर दोन तासांनी प्रत्येक खाटेशी थांबून विचारतात, हाय का? पेशंट म्हणतो, हाय. मगच वहीत खूण. सातव्या खाटेवरच्या भामाबाईंचं 'हाय' सगळ्यांत खणखणीत. पोरगा-सून कड्याच्या कारखान्यावर ऊसतोडीला, जवळ कुणी नाही. मी सांगितलं, बाई, ही हजेरी आता बंद, सगळं कौंटरवर बसून भरायचं. त्या म्हणाल्या, सायेब, तुमच्या पेटीला माणसाला दम लागलेला कळतो का?

२० जानेवारी
सगळ्या सिस्टर भिंतीकडे तोंड करून बसतात. थट्टामस्करी थांबली. दीपमाला सिस्टर म्हणाली, पेशंटचं तोंड दिसत न्हाई, कामात जीव लागंना. रकाना रिकामा राहिला की पडदा पुढं सरकत नाही, म्हणून 'मागचंच भर' हे बटण तिला मीच दाखवलं. माझ्याशीही कुणी बोलत नाही. खोलीवर एकटाच जेवलो.

२३ जानेवारी
दुपारी तीनला भामाबाईंची नोंद: नाडी ७८, श्वास ठीक. मी दीपमालाच्या शेजारीच होतो. साडेतीनला कौशल्याबाई पाणी द्यायला गेल्या. अंग गार पडलं होतं.

२५ जानेवारी
खाट सात रिकामी, गादी उन्हात टाकलीय. तीन वाजता पडद्यावर ओळ आली: खाट ७, नाडी ७८. एकही बटण वाजलं नव्हतं. पुसून टाकली.

२७ जानेवारी
पुन्हा ७८. आणि त्या उघड्या लोखंडी खाटेवरून स्पष्ट — हाय. दीपमालाला विचारलं. ती खुर्ची सरकवून उठून गेली —

२९ जानेवारी
कौशल्याबाईंपुढे हात जोडले, हजेरी सुरू करा म्हणालो. सातपाशी थांबल्या. विचारलं. वाट पाहिली. कुणी न्हाई सायेब, म्हणाल्या. मला मात्र — हाय, हाय — मोजलं. अकरा वेळा.

३० जानेवारी
आठव्या खाटेवरच्या रतनबाई. लकव्यानं वाचा गेलेली, पण सगळं समजतं. त्यांना विचारलं, त्या दुपारी भामाबाईंनी हाक मारली होती का. मान हलली. किती वेळा? चांगल्या हाताची पाच बोटं. पुन्हा पाच. मग एक.

तीन वाजत आलेत. खोलीत बसलोय तरी — हाय —

कौंटर ते खाट सात, सकाळीच पावलं टाकून पाहिली होती. आठ. मी तिथंच होतो, आणि मला त्यातली एकही हाक ऐकू —