बॅगेतला तवा

परभणी, रविवार, दिवेलागण

राग मावत नाही, म्हणून लिहितेच.

आमचा राहुल इंग्लंडात नोकरीला. महिनाभर फोनवर सांगायलाय, "आई, यंदा तुमाला कॉट्सवोल्ड्सला नेतो. दगडी घरं, हिरव्या टेकड्या, मेंढ्या, अन् नुसतं चालायचं." म्हणून मी बूट घेतले. साठीत आयुष्यातले पहिले बूट! रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं घालून चालले, टाचेला फोड आले तरी.

आज बॅग काट्यावर ठेवली, तर वजन जास्त भरलं. ह्यांनी मला न विचारता काय काढावं? माझे बूट! आणि तवा ठेवला. भाकरीचा, लोखंडी, जडशीळ तवा. वर म्हणतात, "पोरगं लय दिवसांनी तुझ्या हातची भाकरी खाईल. तुला काय, चप्पल चालती की."

राहुलनं म्हणे तिथं राहायला मुद्दाम स्वयंपाकघर असलेलं घर बघितलंय. म्हणजे बापलेक टेकडीवर, अन् मी परातीपुढं. मग परभणी काय वाईट होती? इथं थापतेच आहे की इतकी वर्षं. बूट काढताना ह्यांना एकदाही वाटलं नाही, हिला विचारावं?

बूट परत पायात घातलेत. घरात, देवघरासमोरून तशीच चालत आले. सासूबाई असत्या तर... असू दे.

आत्ता हे दारातून विचारायलेत, "भाकरी कधी टाकायलीस?"

"तवा बॅगेत हाय," म्हटलं, आणि मान वर न करता लिहीत राहिले.