तीस ठोक्यांचे घड्याळ

मी, खाली सही करणारी, निवृत्त परिचारिका, वय वर्षे त्र्याहत्तर, हे माझे शेवटचे इच्छापत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे हृदय अलीकडे अधूनमधून एखादा ठोका गाळते, डोके मात्र ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. शेजारच्या शिंपीणबाई समोरच्या खुर्चीत बसून 'हेही लिहा, तेही लिहा' करत आहेत, पण त्याला दडपण म्हणत नाहीत, असे वकीलसाहेबांनी सांगितले. माझ्या दिवंगत यजमानांचा उल्लेख या कागदात मी 'हे' असाच करीन. आयुष्यभर तसाच केला, आता शेवटी बदलणार नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी. हे घर आम्ही दोघांनी नोकरी करून घेतले. ते माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. बऱ्याच वर्षांत त्याने या घरात पाऊल टाकलेले नाही. ते का, हे कलम ६ मध्ये येईल. जिन्यातला दिवा गेलेला आहे, तो त्याने आधी बसवावा.

कलम २. बँकेतली ठेव. माझ्या औषधपाण्यातून जे उरेल ते नातीच्या शिक्षणासाठी. नातीला मी फक्त फोटोत पाहिले आहे, तोही शिंपीणबाईंच्या फोनवर. हनुवटी थेट ह्यांची आहे.

कलम ३. नणंदबाईंना माझे गजराचे घड्याळ द्यावे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात 'नवी सून उशिरा उठते' असे त्यांनी घरभर सांगितले होते. मी तेव्हा रात्रपाळी करून आले होते. घड्याळ उत्तम चालते आणि आवाज खणखणीत आहे.

कलम ४. हातघड्याळे, नग पंचवीस. सगळी क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ दाखवता दाखवता मधला काळ मोजणारी, बाजूला दोन बटणे असलेली. वरचे बटण दाबले की मोठा काटा निघतो, पुन्हा दाबले की थांबतो, खालचे दाबले की शून्यावर परततो. यातले एकही नामांकित कंपनीचे नाही. हे पाण्याच्या मीटरच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. दिवसभर मीटर उघडायचे आणि घरी येऊन घड्याळे उघडायचे. मोठ्या नावांची घड्याळे परवडत नव्हती हे खरेच, पण ह्यांना मुळात ओढ होती ती बुडालेल्या, विसरलेल्या कारखान्यांची. 'नावाजलेल्यांना विचारायला सगळं जग आहे, यांना कोण विचारणार?' असे म्हणायचे. मी सुरुवातीला त्या पसाऱ्याला भंगार म्हणत असे. नणंदेचे आणि माझे एकमत झालेली ती एकमेव गोष्ट.

डायलवरचे नाव बहुतेकदा विकणाऱ्या दुकानदाराचे असते. खरा करणारा आत सापडतो. मागचे झाकण उघडायचे, आत सतत डोलणारे जे चाक असते त्याच्याखाली भिंग धरायचे, तिथे बारीकशी खूण कोरलेली असते. झाकण हे उघडत, मी दिवा धरी आणि खूण मीच वाची, कारण सुया टोचून टोचून माझा हात आणि डोळा दोन्ही सरावलेले. चोवीस घड्याळांना जोडलेल्या चिठ्ठीवर करणाऱ्याचे नाव आहे. एकावर ह्यांच्या अक्षरात 'अजून सापडला नाही' असे आहे, ती चिठ्ठी तशीच राहू द्यावी. ही पंचवीस घड्याळे तंत्रशाळेतल्या घड्याळांच्या वर्गाला द्यावीत. मुलांनी ती खुशाल उघडावीत. घासून चकचकीत करू नयेत, डायल पुन्हा छापून घेऊ नयेत.

या पंचवीसांबाहेरचे, जुन्या बाजारातल्या गॉगलवाल्याने आम्हाला विकलेले एक घड्याळ मात्र त्याला परत करावे. त्याच्या डायलवर मिनिटे मोजणाऱ्या छोट्या चकतीला पंचेचाळीसपर्यंत आकडे आहेत आणि आतले यंत्र तीस मिनिटांतच फेरी पुरी करते. एकाचे धड, दुसऱ्याचे पोट. ह्यांना त्याची इतकी लाज वाटली की महिनाभर त्या बाजारात गेले नाहीत. गॉगलवाल्याने ते स्वतःच्या हातात बांधावे.

कलम ५. भिंगाचा दिवा. तो शिंपीणबाईंना द्यायचा होता, त्यांना सुईत दोरा ओवायला बरा. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही म्हणे. म्हणून तो कालच देऊन टाकला. हे कलम निकालात.

कलम ६. डॉक्टरी घड्याळ. हे वरच्या पंचवीसांत धरू नये. ह्यांनी ते आणले तेव्हा डायलच्या कडेने लाल आकडे होते. ह्यांना वाटले शर्यतीचे असणार. मी भांडी विसळता विसळता पाहिले.

"अहो, शर्यत कसली! ही नाडी आहे. काटा सोडायचा, तीस ठोके मोजायचे, थांबवायचा. तो ज्या लाल आकड्यावर उभा राहील तितके ठोके मिनिटाला."

ह्यांनी लगेच मनगट पुढे केले. "मोज." बहात्तर आले.

"म्हणजे मी ठीक आहे?"

"घड्याळ ठीक आहे. तुमचं काही सांगवत नाही."

त्या दिवसापासून मी भंगार हा शब्द सोडला.

शेवटच्या आजारात ह्यांना घरी आणल्यावर रोज सकाळी मी त्याच घड्याळावर नाडी बघत असे. त्या सकाळी काटा सोडला. एकोणीस मोजले. विसावा आला नाही. मी वाट पाहिली. बटण दाबले नाही. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या माणसांची वेळ कागदावर लिहिली, ह्यांच्या वेळी बोट चालले नाही. घड्याळ टेबलावर चालत राहिले आणि किल्ली संपल्यावर कधीतरी आपणहून थांबले. मी त्याला पुन्हा किल्ली दिली नाही. काटा जिथे उभा राहिला तिथे राहू दिला. हे मी कोणालाच सांगितले नाही, मुलालाही नाही.

पुढच्याच महिन्यात त्याने, मला बरे वाटावे म्हणून, ते घड्याळ गुपचूप नेले आणि नवे करून आणले. "आई, डोळे मिट," म्हणाला. उघडले तर हातावर कोणा परक्याचे घड्याळ. ह्यांच्या मनगटाने झिजलेल्या कडा घासून धारदार केलेल्या, डायल खरवडून पुन्हा छापलेला, काटा शून्यावर. छापणाऱ्याला नाडीचे आकडे कुठून ठाऊक असणार? त्याने सवयीप्रमाणे गाड्यांचा वेग मोजणारे आकडे छापले होते. जुने घड्याळ असे नवे करण्याची चूक नवखे लोक हटकून करतात आणि जाणकार त्यावर हळहळून गप्प बसतात. मी गप्प बसले नाही.

"तुझ्या बापाचं उरलंसुरलं पुसून आणलंस. चालता हो."

"अगं, पण मला काय माहीत?" एवढेच बोलला आणि गेला. पुढे फोन आले, मी घेतले नाहीत. मग येईनासे झाले. तेव्हापासून हे घर फार शांत आहे आणि मला ती शांतता खायला उठते, हेही इथे नोंदवते.

गेल्या आठवड्यात या कलमाचा मजकूर असा होता: 'सदर घड्याळ मोडीत काढावे, मुलाच्या हाती पडू देऊ नये.' शिंपीणबाईंनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"साहेब गेले त्या संध्याकाळी तुम्ही काय केलंत, आठवतंय? चादरी उकळल्यात, खोली फिनेलनं पुसलीत, कपडे वाटून मोकळ्या झालात. पोरगा जिन्यात बसून बघत होता. त्याला वाटलं, आपल्या घरात असंच करतात. तुम्ही चादरी उकळल्यात, त्यानं घड्याळ उकळलं."

"ते वेगळं."

"काय वेगळं, सांगा की."

वॉर्डात खाट रिकामी झाली की आम्ही तेच करायचो. त्या दिवशी मला दुसरे काही करता येत नव्हते.

म्हणून तो मजकूर रद्द. घड्याळ मुलाला द्यावे. मात्र टपालाने नाही, वकिलांमार्फत नाही आणि माझ्या पश्चात तर नाहीच. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, असे वकीलसाहेब म्हणाले. मी विचारले, प्रत आधी पाठवायला कायद्याची हरकत आहे का? नाही म्हणाले. तर प्रत आजच पाठवावी.

त्याने यावे. मी किल्ली देऊन ठेवीन. डायलवर गाड्यांचा वेग आहे तर असू दे. त्याने माझे मनगट धरावे, अंगठ्याने नव्हे, दोन बोटांनी, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते. काटा सोडावा आणि मोठ्याने मोजावे. मध्ये एखादा ठोका गळेल, तेव्हा घाबरू नये, पुढचा येतो. तीस होईपर्यंत हात सोडू नये. मग वरचे बटण दाबावे, मग खालचे. काटा शून्यावर गेला तरी मी काही बोलणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल, खिडकीकडची बाजू.
दिनांक: सात मार्च, शनिवार.

लिहून देणार: (सही) निवृत्त परिचारिका

साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरचे डॉक्टर. लिहून देणार पूर्ण शुद्धीत असल्याची खात्री केली. नाडी अनियमित.

साक्षीदार २: (सही) शेजारची शिंपीण. सह्या होताच प्रत वकीलसाहेबांकडून मागून घेतली आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकली. बाईंचा विचार बदलायची वाट बघितली नाही.