चार मिलिमीटरची सुई

१४ जून, सोमवार. सकाळी ११
नातीला नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. पत्र आले. एका पानात सात चुका. लाल शाईने दुरुस्त करून पत्र फाइलला लावले. रुजू होण्याची तारीख २८ जुलै, दुपारी चारपर्यंत. कॉलेज बसने पाच तासांवर. हॉस्टेलात राहणे सक्तीचे. यशाचे श्रेय वाटून घेण्याची मला सवय नाही. तथापि तिच्या अर्जातील स्वल्पविराम माझे होते, एवढे नोंदवून ठेवतो.
सूनबाई रडली. आनंदाने, असे तिचे म्हणणे.

१५ जून
नातीने एक अडचण उपस्थित केली. मला रोज सकाळी साडेसातला, नाश्त्यापूर्वी, इन्सुलिन लागते आणि ते तीच टोचते. सूनबाई पहाटे चारला बेकरीत कामावर जाते. चिरंजीव बोटीवर; वर्षातून दोन महिने घरी. ती गेल्यावर सुई कोण देणार? उत्तरही तिनेच दिले. तिचे शब्द जसेच्या तसे देतो, शुद्धतेची जबाबदारी तिची: आबा, तुम्हीच घ्यायची. तुम्ही शिकलात तर मी जाणार, नाहीतर सीट सोडणार.
मी म्हटले, सहा आठवडे हातात आहेत आणि काम सहा मिनिटांचे. ती म्हणाली, सहा मिनिटं कशाला, दहा सेकंद लागतात. नव्या पिढीला प्रत्येक गोष्ट कमी लेखण्याची खोड आहे.

१७ जून
तिचे प्रथम वर्ष ऐन वेळच्या धावपळीत सुरू व्हावे, हे मला मान्य नाही. आराखडा तयार केला: सकाळी सात ते साडेसात हाडे, साडेसातला इन्सुलिन (तूर्त नात देईल), आठ ते नऊ स्नायू, सायंकाळी तोंडी परीक्षा. माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणासाठी रविवार राखून ठेवला. आराखडा तिच्या खोलीच्या दारावर चिकटवला.

१८ जून
आराखडा दारावर आहे. तिचा टॉवेल आराखड्यावर आहे.

२० जून, रविवार
प्रशिक्षणास प्रारंभ. या उपकरणास पेन म्हणतात. सरकारी छापखान्यात चौतीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून काढली. पेन कसे धरावे हे मला कोणी शिकवावे, अशी परिस्थिती नाही. नातीने संत्र्यावर रिकामी सुई टोचून दाखवली: आकडा फिरवून चौदा युनिट लावा, सुई सरळ आत, बटण दाबा, दहापर्यंत मोजा, बाहेर काढा. सुईची लांबी चार मिलिमीटर. मी पाच संत्र्यांवर ही कृती निर्दोष केली. पोटाची पाळी आली तेव्हा मात्र उजेड पुरेसा नव्हता. नाइलाजाने पुढील रविवारावर ढकलले.
संत्री वाया जाऊ नयेत म्हणून खाल्ली.

२१ जून
साखर २४८. कारण समजत नाही.

२४ जून
हाडांची तोंडी परीक्षा. शरीरात २०६ हाडे असतात. माझ्या यादीत २०० भरली. नात म्हणाली, राहिलेली सहा कानातली असतील आबा, म्हणूनच माझं ऐकू जात नाही तुम्हाला. यादीत कानातली हाडे खरोखरच नव्हती. दोन गुण दिले. उद्धटपणाबद्दल एक कापला.

२७ जून, रविवार
प्रशिक्षण. पाठीत उसण. शिवाय, तत्त्वाचा अभ्यास पूर्ण होण्यापूर्वी प्रत्यक्ष कृतीकडे वळणे अशास्त्रीय ठरेल. एक छोटी पुस्तिका लिहावयास घेतली: ‘स्वहस्ते सूचिकर्म: तत्त्व आणि व्यवहार’. अशा विषयावर शुद्ध मराठीत काहीच उपलब्ध नाही.

१ जुलै
प्रवेशापूर्वी हिपॅटायटिसची लस आवश्यक. मुलगी घाबरेल म्हणून सोबत गेलो. लस टोचण्याच्या खोलीत हवा कोंदट होती, त्यामुळे मी क्षणभर जमिनीवर बसलो. तेथील सिस्टर सगळ्यांना सांगत सुटली की आजोबा पडले. बसणे आणि पडणे ही दोन भिन्न क्रियापदे आहेत, हे मी तिला सांगणार होतो. परंतु त्या वेळी माझे पाय खुर्चीवर उचलून ठेवलेले होते. ते नातीने ठेवले होते, स्वतःच्या दंडावरचा कापूस हनुवटीखाली दाबून धरत. सिस्टर तिला म्हणाली, तुझं पहिलं वर्ष इथंच सुरू झालं की गं.
लस तिला. लिंबू सरबत मला.

६ जुलै
गणवेश शिवायला टाकला. दोन जोड, पांढरे. शिंप्याने माप घेता घेता विचारले, काय आजोबा, जमली का सुई? म्हणजे ही वार्ता गल्लीत पोहोचली आहे. मी म्हटले, अभ्यास चालू आहे. तो म्हणाला, माझ्या बोटात दिवसातून चारदा जाते, कधी अभ्यास नाही केला. अशिक्षित माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच्या पाटीवरील ‘शिवुन’मधला उकार मात्र दीर्घ करायला सांगितला.

११ जुलै, रविवार
पुस्तिकेची ३१ पाने झाली. प्रस्तावना बाकी. त्यामुळे प्रशिक्षण नाही.
सूनबाई म्हणाली, बाबा, पुस्तक लिहून औषध पोटात जात नाही. बेकरीत काम करणाऱ्या बाईला ग्रंथलेखनाची कल्पना असावी, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. पुढे म्हणाली, मीच पहाटे साडेतीनला उठवून टोचत जाईन, पण लगेच नाश्ताही करावा लागेल. पहाटे साडेतीनला नाश्ता पिशाच्चे करीत असावीत. नकार दिला.
नातीसाठी ‘रुग्णाशी बोलावयाची चाळीस शुद्ध वाक्ये’ पूर्ण केली. नमुना: ‘आपणांस होत असलेल्या वेदनेचे नेमके स्थान आपण कृपया दर्शवू शकाल काय?’ ती म्हणाली, आबा, एवढं वाक्य संपेपर्यंत पेशंटला डिस्चार्ज मिळेल.

१४ जुलै
नात उद्यापासून तीन दिवस बाहेर. कॉलेजात मूळ कागदपत्रांची तपासणी आहे, मुक्काम मैत्रिणीकडे. ही माझी चाचणी, असे तिने जाहीर केले. रोज सकाळी बोटातून थेंबभर रक्त काढून मशीनवर साखर मोजायची, वहीत लिहायची, मग पेन. हे सांगताना तिने माझ्या हाताकडे पाहिले. मी हात खिशात घातला होता.
आत्मविश्वास उत्तम.

१५ जुलै, सकाळी ७.३०
चौदा युनिट लावले. बटण दाबले. औषध बाहेर आले. ते नेमके कोठे गेले, हा तपशील गौण आहे. खिडकीतील कुंडी ओली आहे.
वहीत साखर: ११२. (प्रकृतीच्या एकंदर भावनेवरून.)

१६ जुलै
११८. तहान फार लागते. उकाडा.

१७ जुलै
१०९. सगळे आकडे सुवाच्य आले आहेत. जिना चढताना तीनदा थांबलो. जिन्याच्या पायऱ्या उंच बांधल्या आहेत.

१८ जुलै, रविवार
नात काल सायंकाळी परतली. वही पाहून म्हणाली, वा. मग मशीन हातात घेतले. त्या मशीनला स्मरणशक्ती असते, ही माहिती मला कोणीही दिलेली नव्हती. प्रत्येक मोजणी तारखेसह साठवली जाते, म्हणे. पंधरा, सोळा, सतरा: काही नाही. ती म्हणाली, आबा, खोटंच लिहायचं होतं तर निदान मशीनला तरी विश्वासात घ्यायचं.
मग तिने माझे बोट धरले आणि टोचले. ३४१.
मी खुलासा करू लागलो तेव्हा ती कुंडीतील झाडाकडे पाहत होती.

१९ जुलै
डॉक्टर. सर्वांसमोर विचारले, तुम्हाला पाय हवेत ना? प्रश्नाची रचना असभ्य.
नात आता काहीही न विचारता सकाळी सुई देते. पूर्वी ती देताना काहीबाही बडबडत असे.

२२ जुलै
शिंपी गणवेश घरी देऊन गेला. तिने घालून पाहिला नाही. ट्रंकेतील सामान पुन्हा कपाटात गेले आहे. सेकंदकाट्याचे घड्याळ, टॉर्च, काळे बूट. मी विचारले, ही पूर्वतयारी आहे का? ती म्हणाली, हो, पुढल्या वर्षीची.
सायंकाळची परीक्षा घेतली नाही. परीक्षार्थी अनुपस्थित.

२५ जुलै, रविवार
प्रशिक्षण. शर्ट वर केला. पोटाची चिमूट धरली. पेन हातात घेतले. सात मिनिटे या अवस्थेत होतो. मग बेल वाजली. वाजली नसती तर नक्की झाले असते. दारात कोणी नव्हते. नात म्हणाली, बेल वाजलीच नाही आबा, वीज गेली आहे.

२७ जुलै, सायंकाळी ६
नातीने एक अर्ज माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, उद्या दहाला मेल करणार आहे, तपासून द्या. तुमच्याशिवाय कोण तपासणार.
लाल पेन घेतले. कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र. ‘कौटुंबिक कारणास्तव मी रुजू होऊ शकत नाही. माझी जागा प्रतीक्षा यादीतील पुढील विद्यार्थिनीस द्यावी.’ पाच ओळी. तीनदा वाचले. चूक शोधत होतो. मिळाली असती तर परत पाठवता आला असता, पुन्हा लिहून आण म्हणता आले असते, आजचा दिवस गेला असता. एकही चूक नव्हती. हे सगळे मीच तिला शिकवले.
कौटुंबिक कारण म्हणजे मी.
सूनबाई पलीकडे कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, बाबा, ती गेली तर तुमची सुई राहील, की तुमची ती राहणार नाही, नक्की कशाची भीती आहे? वाक्यरचना सदोष होती. दुरुस्त केली नाही.
अर्ज माझ्याकडेच ठेवला. सकाळी देतो म्हटले.

२८ जुलै, सकाळी ७.३०
सूनबाई कामावर. नात ओट्यापाशी चहा करीत, पाठमोरी. पेन टेबलावर. पुस्तिका शेजारी, एकूण ४६ पाने. पान १९ वर चिमूट कशी धरावी हे आहे. उघडले नाही.
टोचली. दहा मोजले.
बाहेर.
ती वळली तेव्हा मी शर्ट खाली करीत होतो. म्हणाली, झालं? मी म्हटले, झाले. तिने पेनाच्या खिडकीतला आकडा पाहिला, मग माझे पोट, मग कुंडी. कुंडी कोरडी होती. मग मशीन आणून माझे बोट पुढे केले. ते तेवढे मी तिलाच करू दिले.
बस साडेनऊची. ट्रंक वीस मिनिटांत भरली. सहा आठवड्यांच्या आराखड्याची जरूर पडली नाही. गणवेश तिने घालून पाहिलाच नव्हता; तसाच घडी करून टाकला. पुस्तिका तिला दिली, वाटेत वाचायला. पानांत बूट गुंडाळले, असे तिने फोनवर सूनबाईला सांगितल्याचे नंतर कळले.
अर्ज माझ्या खिशात राहिला आहे.

३१ जुलै
सुई: चौथा दिवस. सकाळी साडेसात. आता बोटही मीच टोचतो. साखर १४६, खरी.
घर फार शांत आहे. तिचा टॉवेल नाही म्हणून दारावरचा आराखडा स्पष्ट वाचता येतो.
दुपारी नातीचा फोन आला. पहिल्याच दिवशी गादीवर चादर घालायला शिकवले, कोपरे चारदा उसकटून पुन्हा घालायला लावले. गणवेश कमरेत सैल आहे. मग हळूच विचारले, आबा, खरं सांगा, दुखतं का फार?
दुखत नाही. डास चावतो त्याच्या निम्मेही नाही. पहिल्या दिवशी तर टोचली आहे की नाही, हे मला आकडा पाहून कळले.
मी म्हटले, फार दुखते. खरे सांगितले असते, तर सहा आठवड्यांचा जाब द्यावा लागला असता. ती म्हणाली, माझे शूर आबा. मी फोन ठेवला.