मोराच्या दाराचं पान

अहो,

तुमचं नाव घेऊन कधी हाक मारली नाही, आता कागदावर तरी कशाला? आज लिहायला बसले, कारण तुमच्या पुस्तकाची पानं शेवटची तपासायला आली आहेत. सोमवारी परत द्यायची. आणि तुम्ही मला सांगितलंत, ते त्यात नाही.

एकाहत्तरची लढाई संपल्यावर सिंधच्या वाळवंटात, जिंकलेल्या गावात तुम्ही फौजेचे कॅप्टन म्हणून वर्षभर होतात. तुमचं सगळं लिखाण मीच सुवाच्य अक्षरात उतरवलेलं. एका पानावर होतं, ‘लोक दारं लावून पळाले होते.’ पुढच्याच पानावर, ‘घरं उघडी पडली होती.’ मी विचारलं, मधे काय झालं हो? तुम्ही म्हणालात, "आहे तसं उतरव." मॅट्रिक झालेल्या बाईने प्रोफेसरला किती विचारायचं? उतरवलं.

मी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायला बसले की तुम्ही उठून आत जायचात. एवढे शिकलात नि देवाचं वावडं, असं मी बोलून घ्यायचे. अंबरनाथच्या या घराचं जुनं दार सुताराने उतरवलं, तर तुम्ही त्या फळीवर हात ठेवून बसूनच राहिलात. शेजारी हसायला लागले म्हणून मी ओरडले तुमच्यावर. का नाही तेव्हाच सांगितलंत?

सांगितलंत ते शेवटच्या आठवड्यात, मी चमच्याने पाणी पाजत असताना. जळणाचा ट्रक आला नव्हता, जवान थंडीने काकडत होते. रिकाम्या घरांची राखण तुमच्याकडे, आणि तुम्हीच हुकूम दिलात, दारं काढा, जाळा. थंडीत पोरं मरू द्यायची का, असं मीसुद्धा म्हणाले. मग तुम्ही म्हणालात, जाळलेल्या एका दारावर मोर कोरलेले होते, डाव्या मोराचा तुरा मोडलेला.

चमचा हातातच राहिला. तो तुरा कुणी मोडला, मला ठाऊक होतं!

इथल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतले, कॅम्प पाचचे परसरामदादा. फौज सोडून तुम्ही सिंधी शिकायला लागलात, तुमचा सगळा अभ्यास त्यांच्या घरात बसून झाला. फाळणीत ते तेच गाव सोडून आलेले. लहानपणी दगडाने तुरा मोडला नि बापाचा मार खाल्ला, हे त्यांनी मलाही दहादा सांगितलंय. "कॅप्टन, मेरा दरवाजा देखा था क्या?" त्यांनी विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "देखा. खडा है." चाळीस वर्षं तेच उत्तर. त्यांच्याच ताटातला पापड मोडत!

तेराव्याला दादा सुनेचा हात धरून आले होते. नव्वदीला टेकलेत. मला म्हणाले, "भाभी, पूरा गाँव चला गया, पर कॅप्टन मेरे दरवाजे का गवाह था." मी मान खाली घातली. तुमची बायको म्हणून गप्प बसले. तेव्हापासून उंबऱ्याशी बसले की हळदकुंकवाची चिमूट अडते.

"दादा आहेत तोवर छापू नकोस," म्हणालात. आजवर तुमचा शब्द मोडला नाही, हा मोडते. ते गेल्यावर छापलेलं खरं कुणाच्या उपयोगाचं?

ते पान मी लिहिलंय, तुमच्याच शब्दांत, हुकूम कुणी दिला त्यासकट. उद्या देवपूजा झाली की कॅम्प पाचला जाईन. आधी दादांना वाचून दाखवीन, मग छपाईला देईन. त्यांनी तोंडावर दार लावून घेतलं, तर उंबऱ्याबाहेर उभी राहून वाचीन, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन.

तुमची,
सुमन