माझ्या हक्काची काळजी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ११ फेब्रुवारी १९७४

मैंदर्गी मुक्कामी राजमान्य राजश्री बसप्पाण्णा यांना, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा तिप्पण्णा याचा शरणार्थी नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे, असं मला सांगण्यात येतं. खरं काय ते मला कळू देत नाहीत, त्यामुळे माझ्या शब्दावर विसंबू नका. तुमची कंबर, वहिनींचा दमा आणि यंदाची ज्वारी कशी आहे ते कळवावं. (तुमच्या घरात तुम्हाला सांगत असतील असं धरून चालतो.)

अण्णा, या सगळ्याचं मूळ माझं पोट. दसऱ्याला शिवलेल्या विजारीचं बटण दिवाळीला लागेना, म्हणून दाक्षायणीने मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर नवाच होता. त्याने माझी जीभ पाहिली, पोट टकटक वाजवलं आणि विचारलं, मनावर ताण आहे का? मी गिरणीत साळखात्यात जॉबर, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम. तिथे माग बंद पडला तरी मला बोलणार आणि माणूस बसला तरी मलाच बोलणार. ताण नसायला मी काय देवळातला नंदी आहे? तर म्हणाला, बरोबर, काळजी करणारा माणूस नकळत तोंडात टाकत राहतो, झोप नीट लागत नाही आणि वजन वाढत जातं. खाणं आवरा, चालायला जा आणि मुख्य म्हणजे काळजी कमी करा. यातलं पहिलं वाक्य तुमच्या बहिणीने ऐकलंच नाही. शेवटचं मात्र पदराला गाठ मारून घरी आणलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात काळजीला बंदी आहे. रेडिओवर बातम्या लागल्या की कान पिळून बंद. शेजारचा धुळाप्पा गिरणीतल्या संपाचं बोलायला आला, त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला. पोस्टमनला ताकीद आहे, टपाल बाईंच्याच हातात द्यायचं. मायलेकी पूर्वी माझ्यासमोर कानडीत कुजबुजायच्या, पण कानडी मलाही येते. म्हणून दाक्षायणीने पलीकडच्या पद्मशाळी बाईकडून कामापुरतं तेलुगू शिकून घेतलं! (लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी तिने एवढे कष्ट कधी घेतले नव्हते.) मी विचारलं, काय चाललंय? की लगेच "काय न्हाय वो, तुमी खावा की," म्हणून हातात शेंगापोळी. आता मी दिसलो की जिथे बोलणं तुटतं, ते घर काय लपवतंय या काळजीने मी पोळी खातो, आणि ती संपली की पुन्हा विचारतो. परवा डॉक्टरच्या काट्यावर उभा राहिलो तर तोच काळजीत पडला.

आता कालच्या रविवारचं ऐका. सकाळीच मला छत्री देऊन तळ्यावर चालायला पाठवलं. बारा वाजायच्या आत आलात तर बघा, अशी वर धमकी. दाक्षायणी नव्या इरकलीत होती आणि महानंदाच्या वेणीत अबोली. पायऱ्या उतरताना मी पोरीकडे पाहिलं, तर तिने मान वर केली नाही. मला वाटलं, कुठे हळदीकुंकू असेल.

तळ्याच्या घाटावर माझ्याच मापाचा एक गृहस्थ छत्री घेऊन बसला होता. अक्कलकोटचे धान्याचे आडते, चनमल्लप्पा. त्यांच्या डॉक्टरनेही हेच सांगितलेलं, आणि त्यांच्याही घरात हीच बंदी. आम्ही भजी मागवली आणि आपापल्या घरांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग ते म्हणाले, "बायकू आन् पोरगं चादरी बघाया गेल्यात. मैंदर्गीच्या बसप्पाण्णांच्या वळखीचं घर हाय म्हनं, त्येच संगट गेल्यात. पर मला सांगा, चादर बघाया खण-नारळ कशाला लागतोय वो?"

गल्ली विचारली. माझीच निघाली.

अण्णा, मुलीचा बाप आणि मुलाचा बाप तळ्यावर भजी खात बसलेले, आणि घरात मुलगी दाखवताय तुम्ही! मला संताप आला, अजून आहे. गिरणीची काळजी घ्या, संपाची घ्या, रेडिओसकट सगळ्या देशाची घ्या, मी एका शब्दाने विचारणार नाही. पण महानंदाच्या लग्नाची काळजी माझ्या हक्काची आहे. ती जन्मली त्या दिवसापासून मी ती सांभाळली आहे, आणि तुम्ही ती मला न विचारता खुंटीवरची टोपी उचलावी तशी उचलून नेलीत. त्याने माझं पोट आत जाईलही, पण मग घरात राहिलं काय मला?

रागाच्या भरात आम्ही दोघांनी घाटावरच हातावर हात मारून सोयरीक पक्की केली. तेव्हा तुमच्या बोलण्यांना आता उशीर झालेला आहे, हे ध्यानात घ्यावं.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना शरणार्थी. तुम्हाला काय द्यावं ते राग उतरल्यावर ठरवीन.

आपला,
तिप्पण्णा

ता. क. हात मारला खरा, पण रात्रभर पोरीची खाली घातलेली मान दिसत राहिली. ती लाजेची होती की नाखुशीची? तुम्ही समोर होता. मुलगा तिच्या मनात भरला का, एवढंच खरं खरं कळवा. नसेल तर चनमल्लप्पांच्या पायावर डोकं ठेवून मी शब्द परत घेईन. पत्र गिरणीच्या पत्त्यावर टाका, पाकिटातून.

आणखी एक. मला हे कळलंय, असं दाक्षायणीला अजिबात सांगू नका. लपवून लपवून तीही हल्ली येता-जाता शेंगापोळी मोडते आणि तिच्या बांगड्या रुतायला लागल्या आहेत. उगीच तिला काळजी नको.