दुसऱ्याचे शेपूट

प्रोफेसरसाहेब,

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी अंघोळ आणि पूजा आटोपून मी माझ्या पत्र्याच्या पेटीतून बोटभर उंचीची एक काचेची बाटली काढली, उपरण्यात गुंडाळली, आणि नांदुऱ्याच्या आमच्या शाळेचे कुलूप उघडून तिच्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बाटलीत एका समुद्री किड्याचे शेपूट आहे. अठ्ठावीस वर्षे ते माझ्याजवळ आहे. वऱ्हाडचा उन्हाळा बुचातूनसुद्धा स्पिरिट पिऊन टाकतो, म्हणून दर वर्षी मृग लागला की मी त्यात नवे स्पिरिट घालत आलो. माझी बायको वडनेर भोलजीची, शेतकऱ्याची लेक, तिला किड्यांतले काही कळत नाही. पण त्या सकाळी मी पेटी उघडताना ती म्हणाली, "त्या मानसाले मरून अठरा वर्स झाले, अन् तुमी अजून त्याले स्पिरिट पाजून राह्यले." तुमच्याविषयी इतके नेमके आजवर कोणी बोलले नव्हते.

पेटी उघडायला कारण घडले ते कलकत्त्याहून आलेले एक पत्र. लिहिणारा तरुण संशोधक आहे. तुम्ही ज्या किड्याचे वर्णन नवी जात म्हणून छापले आणि ज्याच्यामुळे तुमचे नाव विलायतेच्या ग्रंथांत गेले, तो किडा हा तरुण तीन वर्षे शोधतो आहे. प्रत्येक सुट्टीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जातो, ओहोटीला दगड उलटवतो, पण तसा एकही मिळत नाही. तुमच्या लेखात 'आकृत्या काढण्यास एका विद्यार्थ्याचे साह्य झाले' एवढी एक ओळ आहे. तो विद्यार्थी कोण हे त्याने नागपूरला विचारून काढले आणि मला लिहिले, की नेमकी जागा आपल्याला आठवते का. जागा मला आठवते. तो किडा त्या जागी नाही, हेही मला ठाऊक आहे. तो जगात कुठेच नाही.

ती सकाळ मी तुम्हाला पुन्हा दाखवतो. आम्ही नागपूरच्या कॉलेजची सात मुले तुमच्याबरोबर आधी रेल्वेने आणि मग बोटीने रत्नागिरीला आलेली. मी सातपुड्याच्या पायथ्याचा, सोनाळ्याच्या शाळेत शिकलेला. समुद्र मी आदल्या दिवशी पहिल्यांदा पाहिलेला. ओहोटी लागली आहे, गुडघाभर पाण्यात मी उभा आहे, आणि तुम्ही वर कोरड्या खडकावर छत्री धरून. या किड्यांच्या अंगाला वलयांमागून वलये असतात, प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंना केसांचा झुबका, आणि जोराने धरले की ते मधोमध तुटतात. ताटलीतल्या समुद्राच्या पाण्यात थेंब थेंब स्पिरिट सोडून त्यांना आधी गुंगवावे लागते. माझ्या हातून आदल्या दिवशी दोन तुटले होते. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पुन्हा अर्धा किडा आणलास तर उद्याच्या बोटीने परत जा. माझ्या बापाने बैल विकून मला कॉलेजात घातले होते, हे तुम्हाला माहीत होते. तुम्हीच ते एकदा वर्गाला हसवण्यासाठी सांगितले होते.

तिसराही तुटला. डोके हातात राहिले, शेपूट कुठे गेले ते दिसेना. मग मी आदल्या दिवशीच्या टाकून द्यायच्या ताटलीतून दुसऱ्याच एका किड्याचे शेपूट उचलले, त्या डोक्याबरोबर एका नळीत घातले, आणि 'एक किडा, दोन तुकडे' अशी चिठ्ठी लावली. घाबरून केले. इतके दिवस देवासमोर मी एवढेच सांगत आलो.

पण दुपारी बादली धुताना तळाच्या वाळूत खरे शेपूट सापडले. ते बाटलीत घालून मी तुमच्याकडे आलो. खोटे बोलत नाही, सांगायलाच आलो होतो. तुम्ही डाकबंगल्याच्या ओसरीवर आरामखुर्चीत, बाकीची मुले भोवती. किड्यावर स्पिरिट सोडण्याआधी मी मनात देवाचे नाव घ्यायचो, ओठ हलायचे, ते तुम्ही कधीतरी पाहिले असणार. मला पाहताच म्हणालात, "या महाराज. किड्याला मोक्ष दिलात?" मुले हसली. "सर, मले काही सांगाचं होतं," एवढे मी म्हणालो. "सांगायचंय काय? तेराव्याची दक्षिणा हवी असेल," तुम्ही म्हणालात, आणि खिशातून एक आणा काढून माझ्या पायाशी टाकलात. तो आणा उचलून मी तुम्हाला परत दिला. बाटली मुठीत होती. मूठ मी उघडली नाही.

नागपूरला आल्यावर आकृत्या मीच काढल्या, तुमचा हात कापायचा म्हणून. पुढचे केस साधे आणि मागचे आकड्याच्या टोकाचे, असा किडा आजवर कोणी पाहिला नव्हता. तुम्ही दोन दिवस जेवण विसरलात. दोन्ही तुकडे जुळवून काढताना मागचा भाग पुढच्यापेक्षा जाड येत होता. मी तो तसाच काढला. मनात म्हटले, आता हे पाहतील, विचारतील, आणि मी सांगेन. तुम्ही पाहिलेत. बराच वेळ पाहिलेत. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतलीत, सांध्याची रेघ सरळ केलीत आणि म्हणालात, "अशी हवी." त्या दिवसापर्यंत मी तुम्हाला भीत होतो. त्यानंतर तुमचा तिरस्कार करू लागलो. पहिल्या दिवशी वर्गात तुम्हीच शिकवले होते, "जे बाटलीत नाही ते कागदावर येता कामा नये."

जात छापली गेली. तुमचा सत्कार झाला, त्यात मागच्या रांगेत मीही टाळ्या वाजवल्या. मला शिफारसपत्र दिलेत, 'कष्टाळू, परंतु संशोधनास अयोग्य' असे. ते घेऊन मी वऱ्हाडात परत आलो आणि मुलांना बेडकाची आकृती काढायला शिकवू लागलो. तुम्ही गेल्याचे कळले तेव्हा मी सुतक पाळले नाही, फक्त बाटलीतले स्पिरिट पाहिले, पुरेसे होते. ज्याला नरक म्हणतात त्याची मी तुमच्यासाठी कधी प्रार्थना केली नाही. पण रोज संध्याकाळी दिवा लावताना इतरांसाठी मागायचो त्यात तुमचे नाव वगळायचो. ते वगळायला आठवण लागायची, आणि रोज व्हायची.

त्या रविवारी सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते असे. खऱ्या शेपटाचे केस साधेच आहेत, पुढच्यासारखे. म्हणजे ते डोके एका साध्या, जुन्या, कोळी गळाला लावतात त्या किड्याचे होते. तुमची जात माझ्या चिठ्ठीतून जन्मली. तिच्यामागे तो कलकत्त्याचा मुलगा आयुष्याची तीन वर्षे पाण्यात उभा आहे, आणि त्याने तुमचे किंवा माझे काही बिघडवलेले नाही.

त्या मुलाला उत्तर लिहायला मी तीन वेळा बसलो. पहिल्या खेपेला सगळा दोष तुमच्यावर ठेवला. वाचताना सुख झाले, म्हणून फाडले. दुसऱ्या खेपेला सगळा माझ्यावर घेतला. त्यात तुम्ही एक फसवला गेलेला भला गुरू दिसत होता. ते तर मला दोन ओळीही सोसले नाही. तिसऱ्या खेपेला घडले तसे लिहिले. चिठ्ठी मी लावली, खरे शेपूट त्याच दुपारी सापडले, मी गप्प राहिलो, वय वीस होते, हे सगळे. शेवटी तुमच्या पेन्सिलीचे वाक्य लिहिले. लिहून थांबलो. त्याला साक्ष कोण? मूळ आकृती तुमच्याबरोबर गेली. जे बाटलीत नाही ते कागदावर येता कामा नये. ते वाक्य मी खोडले. क्षमा केली असे समजू नका. तुमचा नियम तुम्ही मोडलात आणि मी पाळला, एवढेच. आणि तो पाळताना मला कळले, की तुमच्यापासून सुटायला निघालेला मी अजून तुमच्याच हाताखाली लिहितो आहे. ही गोष्ट मला आवडलेली नाही, पण खरी आहे.

आज सकाळी बायकोने सरकी काढायच्या जिनातून मूठभर कापूस आणून दिला. बाटलीच्या बुचावर लाख ओतली, कापसात गुंडाळली, त्या मुलाला लिहिलेल्या उत्तरासह डब्यात बसवली. "गेलं का एकदाचं?" मी स्टेशनाकडून परत आलो तेव्हा तिने विचारले. हाव, गेलं, म्हटले. पेटीत बाटलीच्या जागी हे पत्र ठेवतो आहे. बाटली कलकत्त्याच्या गाडीत आहे.